भावकी

उदाजीच्या मांडीवर आधी रुपयाएवढा डाग उठला,
मग त्याला कडा आली, आणि कडा चालू लागली,
भिंतीतली ओल चालते तशी,
रात्री, कुणी बघत नसताना.
वस्तादांनी लांबूनच पाहिलं.
"गजकर्ण हाय. हौद्यात उतरायचं न्हाई."
हळद, ताक, लिंबू, कापूर, तेल पाजून
लेकीसारखी जपलेली तांबडी माती,
आणि माझा भाचा तिच्या काठावर
चप्पल घालून उभा.

सीपीआरच्या रांगेत दोन तास.
डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या,
तीन महिने गोळ्या. मध्येच सोडायच्या नाहीत.
लिव्हर तपासत राहू.
"डाग मांडीवर, आणि लिव्हर कशाला?"
त्या हसल्या नाहीत.
"फार जवळचं आहे हो ते आपल्याला.
त्याला लागतं ते औषध
आपल्यालाही थोडं लागतं."

मी कॉलेजात काचपट्ट्या धुते. एकवीस वर्षं झाली.
मुजावर मॅडम उठून गेल्या की भिंगाला डोळा लावते,
त्यांना ते माहीत आहे.
त्यांनाच विचारलं. त्यांनी जेवणाचा डबा मिटला,
फळ्यावर एक ठिपका काढला,
ठिपक्याच्या मागं एक शेपूट,
नावाडी मागं उभा राहून रेटतो तशी.
"हा मूळपुरुष, हौसाताई. आपला आणि बुरशीचा.
शंभर कोटी वर्षं, थोडी इकडंतिकडं."

मग वाटणी झाली.
सातबारा नव्हता, पंच नव्हते,
कशावरून फाटलं कुणाला ठाऊक.
एकानं पोट आत घेतलं.
घास पळतो म्हणून पाय आले,
पाय आले म्हणून डोळे,
डोळे आले म्हणून भीती.
दुसरा जेवणातच राहायला गेला.
धागा होऊन लाकडात, शेणात, शिळ्या भाकरीत,
पावसाळ्यात खुंटीवर विसरलेल्या कोल्हापुरीच्या टाचेत.
आधी पचवायचं, मग ओढायचं.
पळायचं कारणच उरलं नाही त्याला.
दारातली तुळस लांबच्या गावची,
आणि परड्यातली कुत्र्याची छत्री
चुलत घरची.

खुणा अजून सापडतात.
पंचगंगेतल्या खेकड्याचं कवच ज्या मालाचं,
अळंबीच्या अंगातही तोच माल.
आणि ती शेपूट?
डबक्यातल्या काही बुरशींची पोरं
अजून ती मागं लावून पोहतात,
आणि, मॅडम खिडकीकडं बघत म्हणाल्या,
पुरुषाचं बीजसुद्धा.
म्हणजे तालमीतला एकेक गडी,
शड्डू ठोकला की पत्रा वाजतो असा,
त्या शेपटीवर बसून आलेला.

पन्हाळ्याच्या वाटेला एकदा
कुजक्या ओंडक्यावर कान उगवलेले पाहिले होते.
मऊ, तपकिरी, घड्या पडलेले.
बाबांचा कान तसाच होता,
मातीत घासून घासून मोडलेला.
तेव्हा कुणाला बोलले नाही.
वेड्यात काढलं असतं.

भावकी म्हटली की बांध कोरणं आलंच.
लांबच्या मुलखात ती बेडकांच्या कातडीवर बसते
आणि ओढेच्या ओढे मुके होतात.
पण वारुळाच्या पोटात बघा,
वाळवी तिच्याशी अर्धेलीनं शेती करते.
पाला ही आणते, शिजवते ती.
कोर्टकचेरी नाही, वरून पाऊस पडला
की रानात पांढऱ्या छत्र्या.

त्याच छत्र्या गगनबावड्याकडची एक बाई
कपिलतीर्थाच्या मंडईत पळसाच्या पानावर मांडून बसली होती.
देठाला वारुळाची माती तशीच.
भाव केला नाही.
कांद्या-लसणावर परतल्या, तांबड्याचा मसाला घातला.
उदाजी ताटावर बसला. मांडीवरची कडा
पातळ झाली होती, गेली नव्हती.
सगळं त्याला सांगितलं. वाटणी, शेपूट, खेकडा.
तो ऐकत ऐकत खाजवत होता.
"म्हणजे आत्या, हे भावकीतलंच की."
"हो."
त्यानं ताट पुढं सरकवलं.
"मग हात आखडून का वाढतीस?"